झेनॉन जुळतो, मग आर्गन का जुळत नाही? लेकीचा प्रश्न आहे

टिगवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. मी गेली एकोणीस वर्षं भोसरीत आर्गन वेल्डिंग करतो. स्टेनलेसच्या टाक्या, डेअरीचे पाइप, औषध कारखान्यांची भांडी असलं काम. शिक्षण आयटीआय. मुलगी बारावी सायन्सला आहे. परवा जेवताना तिने एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आमच्याकडे शिकाऊ पोरगा आला की मी त्याला पहिल्या दिवशी सांगतो, आर्गन हा राखणदार आहे. स्वतः काही करत नाही, फक्त हवेला जवळ येऊ देत नाही. बटण दाबलं की आधी नोझलमधून नुसता फुस्स आवाज येतो, मग आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटतो. बीड (वितळून जुळलेल्या धातूची पट्टी) संपली तरी टॉर्च लगेच उचलायची नाही. आर्गन अजून पाच-सात सेकंद वाहत असतो, तेवढा वेळ हात तिथेच स्थिर ठेवायचा. घाईने उचलली की टंगस्टनचं टोक निळंकाळं पडतं आणि बीडचं शेवट करपतं. नीट धरली तर बीड फिक्या सोनेरी रंगाची येते. पाइप आतून आर्गनने भरून घेतला नाही, तर आतल्या बाजूला जळक्या साखरेसारखा काळा, खरबरीत थर येतो. डेअरीच्या लाइनमध्ये तसा थर राहिला की त्यात दूध अडकतं आणि नासतं. अख्खा जॉइंट कापून परत करावा लागतो. एका ठिकाणी माझ्याच हातून असे चार जॉइंट गेले होते, कारण आर्गनच्या नळीला केसाएवढी चीर होती आणि मी ती पाहिली नाही.

म्हणून मी लेकीला सांगत होतो की आर्गन कशाशीच रिअ‍ॅक्ट होत नाही. ती म्हणाली, "पप्पा, आमच्या पुस्तकात झेनॉन टेट्राफ्लोराइड आहे, झेनॉन हेक्झाफ्लोराइड आहे. झेनॉन आणि आर्गन दोघं अठराव्या गणातले, दोघांचंही अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण. मग एक जुळतो आणि दुसरा नाही, असं का?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यातून माझेही दोन प्रश्न निघाले. एक, आर्कची उष्णता हजारो अंशांची असते. त्यात लोखंड पाण्यासारखं होतं, मग त्या आर्गनचं काहीच होत नसेल का? दुसरा, नायट्रोजनलाही लोक निष्क्रिय म्हणतात आणि तो स्वस्त पडतो. मग टॉर्चला नायट्रोजन का चालत नाही? चालत नाही हे मला हातातून माहीत आहे, बीडला पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढी भोकं, पडतात. पण कारण माहीत नाही.

समजेल अशा भाषेत कोणी सांगाल का? मी तिला वाचून दाखवणार आहे.

निवृत्त_रसायन_सांगली

दादा, तुमच्या लेकीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवलं. "अष्टक पूर्ण म्हणून निष्क्रिय" हे वाक्य फळ्यावर लिहिताना मला दरवर्षी खटकायचं. वाक्य खोटं नाही, पण अर्ध्यावर थांबतं. अष्टक पूर्ण आहे हे कबूल, पण अणुकेंद्राने ते किती घट्ट धरून ठेवलंय हे त्यात येतच नाही. आणि सगळं उत्तर तिथेच आहे.

आर्गनकडे अठरा इलेक्ट्रॉन, तीन कवचांत. झेनॉनकडे चौपन्न, पाच कवचांत. झेनॉनचे बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब आहेत आणि मधे शेहेचाळीस इलेक्ट्रॉनांची गर्दी आहे. त्यामुळे केंद्राची त्यांच्यावरची पकड सैल असते. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला किती ऊर्जा लागते ते मोजता येतं. हेलियमला २४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, निऑनला २१.६, आर्गनला १५.८, क्रिप्टॉनला १४.०, झेनॉनला १२.१, रेडॉनला १०.७. लेकीला हे आकडे एकाखाली एक लिहायला सांगा. अष्टक या सगळ्यांचं पूर्ण आहे (हेलियमचं द्विक), पण ते धरून ठेवण्याची ताकद पायरीपायरीने उतरत जाते.

या जिन्याकडे नीट पाहिल्यामुळेच झेनॉनचं पहिलं संयुग सापडलं. नील बार्टलेट नावाचे रसायनशास्त्रज्ञ कॅनडात व्हँकुव्हरला, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात प्लॅटिनमच्या फ्लोराइडांवर काम करत होते. त्यांना एक लाल पदार्थ पुन्हा पुन्हा मिळत होता. तपासल्यावर कळलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडने चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतलाय. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे १२.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. आता वरच्या यादीत झेनॉनचा आकडा बघा. जवळजवळ तोच! ऑक्सिजनकडून ओढता येतो, तर झेनॉनकडून का नाही?

२३ मार्च १९६२, शुक्रवारची संध्याकाळ. काचेच्या उपकरणात एका बाजूला प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची गडद लाल वाफ, दुसऱ्या बाजूला बिनरंगी झेनॉन, मधे काचेचा पातळ पडदा. तो फोडला आणि त्याच क्षणी पिवळट नारिंगी घन पदार्थ खाली बसू लागला. बार्टलेट कुणाला तरी सांगायला धावले, तर सगळे जेवायला निघून गेलेले. हा प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी सांगताना माझ्या अंगावर काटा यायचा.

त्याआधी लोकांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. १८९५ मध्ये आर्गन शोधणाऱ्या रॅमसेने पाठवलेला आर्गन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मोआसाँने फ्लोरिनबरोबर ठेवून पाहिला, काही झालं नाही. १९३३ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग यांनी झेनॉनची फ्लोराइडं बनतील असं भाकीत केलं होतं, पण तेव्हाचा प्रयोग फसला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं हा विषय मागे पडला. १९६२ नंतर मात्र रांगच लागली. झेनॉन आणि फ्लोरिन निकेलच्या बंद भांड्यात ४०० अंशांना तासभर तापवले की झेनॉन टेट्राफ्लोराइड मिळतं. डायफ्लोराइड तर काचेच्या चंबूत दोन्ही वायू भरून उन्हात ठेवले तरी तयार होतं.

आता आर्गन का नाही? याचा हिशेब पैशाच्या हिशेबासारखाच आहे. फ्लोरिनच्या रेणूतले दोन अणू सुटे करायला दर मोलला (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं ठरलेलं माप) सुमारे १५८ किलोज्यूल खर्च येतो. झेनॉन-फ्लोरिनचा एक बंध जुळला की साधारण १३३ परत मिळतात. डायफ्लोराइडमध्ये दोन बंध, म्हणजे २६६. खर्च १५८, जमा २६६. फायद्यात, म्हणून संयुग टिकतं. क्रिप्टॉनचा बंध जेमतेम ५० चा, दोन मिळून १००. तोट्यात. आर्गन त्याहूनही खाली, तो आपले इलेक्ट्रॉन वाटून घ्यायला इतका नाखूश की असं फ्लोराइड टिकतच नाही. तरीही २००० साली हेलसिंकीच्या शास्त्रज्ञांनी आर्गन, हायड्रोजन आणि फ्लोरिन यांचा एक रेणू बनवून दाखवला, पण शून्याखाली अडीचशे अंशांच्या आसपासच्या थंडीत, गोठलेल्या आर्गनमध्येच. तेवढी थंडी गेली की रेणू मोडला. तुमच्या टॉर्चमधून येणारा आर्गन स्टेनलेसशी जुळेल ही भीती बाळगू नका.

आर्कचं विचारलंत. आर्कमध्ये आर्गनचं नक्कीच काहीतरी होतं. काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्या सुट्या इलेक्ट्रॉनांमुळेच वायूतून वीज वाहते. आर्क म्हणजे तेच. पण इलेक्ट्रॉन सुटणं वेगळं आणि दुसऱ्या अणूशी बंध जुळून टिकणं वेगळं. आर्कमधून बाहेर आलेला आर्गन गार होतो, गेलेला इलेक्ट्रॉन परत घेतो आणि जसा होता तसा होतो.

नायट्रोजनच्या प्रश्नाचं उत्तर आर्गनच्या जन्मकथेतच आहे. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले नायट्रोजनचं वजन करत होते. हवेतला ऑक्सिजन काढून उरलेला नायट्रोजन लिटरला १.२५७ ग्रॅम भरायचा आणि रसायनातून काढलेला १.२५० च्या आसपास. फरक फक्त अर्ध्या टक्क्याचा. दुसरा कोणी असता तर मोजण्यातली चूक म्हणून सोडून दिला असता. विल्यम रॅमसेने हवेतला तो नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. मॅग्नेशियमने नायट्रोजन खाऊन टाकला आणि शेवटी थोडा वायू उरला, ज्याला मॅग्नेशियम शिवेना. तोच आर्गन, साल १८९४. ग्रीक भाषेत नावाचा अर्थ आळशी.

म्हणजे बघा दादा, तापलेला धातू नायट्रोजन खातो. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी घट्ट धरून बसलेले असतात, म्हणून गार असताना तो कुणाच्या वाटेला जात नाही. आर्कच्या उष्णतेत ते बंध तुटतात आणि सुटा झालेला नायट्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. टायटॅनियम असेल तर त्याच्याशी जुळून जॉइंट ठिसूळ करतो. लोखंडात विरघळतो आणि धातू गोठताना बाहेर पडायला बघतो. तुमचे पिनहोल तेच. आर्गनकडे तोडण्यासारखा बंधच नाही, तो एकेकटा अणू आहे.

आणि एक. "निष्क्रिय वायू" पेक्षा मला आपल्या पुस्तकातला "राजवायू" हा शब्द जास्त आवडतो. तिलाही तोच वापरायला सांगा.

एअरप्लांट_ऑपरेटर

मॅडमनी सगळं सांगितलंच आहे. मी हवेपासून वायू वेगळे करणाऱ्या प्लांटवर पाळीत काम करतो, म्हणून आमच्या बाजूचं थोडं सांगतो.

टिगवालादादा, तुमच्या निळ्या बाटल्यातला आर्गन साध्या हवेतूनच येतो. हवेत तो ०.९३ टक्के आहे, म्हणजे शंभर लिटर हवेत जवळपास एक लिटर. झेनॉन मात्र एक कोटी लिटर हवेत लिटरभरही भरत नाही, म्हणून तो इतका महाग. आम्ही हवा गार करून पातळ करतो आणि उंच कॉलममध्ये उकळी वेगवेगळ्या अंशांना येऊ देतो. नायट्रोजन उणे १९६ ला उकळतो, आर्गन उणे १८६ ला, ऑक्सिजन उणे १८३ ला. शेवटच्या दोघांत फक्त तीन अंशांचं अंतर. त्यामुळे कॉलममधून निघणाऱ्या कच्च्या आर्गनमध्ये थोडा ऑक्सिजन राहतोच. मी आधी ज्या जुन्या प्लांटवर होतो तिथे त्यात हायड्रोजन सोडून कॅटॅलिस्टवरून नेत. ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं पाणी व्हायचं आणि आर्गन त्यातून जसाच्या तसा पुढे जायचा. त्याचं न जुळणं आमच्याही कामाचं.

पण दादा, मला मुख्य सांगायचंय ते दुसरंच. तुम्ही टाक्यांत उतरता. आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड आहे, टाकीच्या तळाशी पाण्यासारखा साठतो. रंग नाही, वास नाही, ठसका नाही. आपल्याला गुदमरल्यासारखं वाटतं ते अंगात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. आर्गन श्वासात घेताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच राहतो, त्यामुळे शरीराला धोका कळतच नाही. एक-दोन श्वासांत माणूस खाली बसतो. माझ्या ओळखीचा एक फिटर असाच पर्ज केलेल्या, म्हणजे आर्गन भरून हवा काढलेल्या, टाकीत हातातून पडलेला पाना काढायला वाकला आणि तिथेच कोसळला. वरच्या माणसाने उडी मारली नाही, आधी ब्लोअर लावला आणि दोरीने ओढून काढलं, म्हणून दोघं वाचले. आत जाण्याआधी ऑक्सिजन मीटर खाली, तळापर्यंत सोडून बघा. १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर पाय ठेवू नका. शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी राखणदाराची गोष्ट सांगता ना, त्याच दिवशी हेही सांगा.

नेत्रतंत्रज्ञ_नाशिक

आर्गन फ्लोरिनशी जुळत नाही असं वाचलं म्हणून लिहितो. मी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझरवर असतो. त्या मशिनमध्ये आर्गन आणि फ्लोरिनच असतात. विजेचा झटका दिला की चेतवलेल्या अवस्थेत आर्गन आणि फ्लोरिनची जोडी जुळते, काही नॅनोसेकंदच टिकते आणि फुटताना १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देते. त्या प्रकाशाने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा थर अगदी बारीक प्रमाणात उतरवता येतो. जोडी टिकत नाही म्हणूनच हे लेझर चालतं, कारण खालच्या अवस्थेत तो रेणू उरतच नाही. मॅडमचा हिशेब बरोबरच आहे, विजेने ऊर्जा ओतली की तो तेवढ्यापुरता उलटतो इतकंच.

देवगडकर

राजवायूंचा विषय निघालाय तर आमच्या गावाकडची एक गोष्ट दुरुस्त करून टाकतो, कारण बारावीची मुलगी वाचणार आहे.

हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असं आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात. किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि १८ ऑगस्ट हा हेलियमचा दिवस म्हणून साजराही करतात. किल्ल्यावर माझा फार जीव आहे, म्हणूनच खरं ते सांगावंसं वाटतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्या भागावरून गेली हे बरोबर. पण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होते, लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. त्यांनी २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली पिवळी रेषा (तीच हेलियमची) पाहिली आणि ती कुठल्याही ओळखीच्या मूलद्रव्याची नाही हे ओळखलं. विजयदुर्गाला लॉकयर खरोखर आले होते, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ओट्यांचा संबंध त्या मुक्कामाशी आहे.

हेलियम पृथ्वीवर हाती लागला तो १८९५ मध्ये. क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्लाची प्रक्रिया केल्यावर तो वायू बाहेर आला. तेही काम रॅमसेचंच, आर्गननंतर वर्षभराच्या आत. आणि १८९८ साली, लॉकयर विजयदुर्गाहून परतल्यावर काही महिन्यांतच, रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन लागोपाठ शोधून काढले.

टिगवाला_भोसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला सगळं वाचून दाखवलं. डिलिव्हरी चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिने जिना उतरत जातो तसे सहा आकडे लिहिले, मग मॅडमचा हिशेब मांडला. झेनॉनचे २६६ वजा १५८, शिल्लक १०८. क्रिप्टॉनचे १०० वजा १५८, म्हणजे ५८ अंगावर. तो कागद आता तिच्या टेबलासमोर भिंतीवर आहे.

प्लांटवाल्या भाऊंचं म्हणणं आज सकाळीच शॉपमध्ये सगळ्यांना उभं करून सांगितलं. ऑक्सिजन मीटर आमच्याकडे एकच आहे आणि तो सुपरवायझरच्या कपाटात असतो. आजपासून तो टाकीपाशी लटकवायचा असं ठरलं.

मॅडम, लेकीचा आणखी एक प्रश्न. पुस्तकात क्रिप्टॉन डायफ्लोराइडही आहे. हिशेब तोट्यात आहे तर ते बनतं कसं?

निवृत्त_रसायन_सांगली

शाब्बास गं पोरी. तोट्याचा व्यवहार आपणहून होत नाही, पण बाहेरून कुणी आधीच खर्च उचलला तर होतो. १९६३ मध्ये ते बनवलं तेव्हा कडाक्याच्या थंडीत प्रकाशाने फ्लोरिनचे रेणू आधीच फोडून घेतले. ते १५८ प्रकाशाने भरले. मग सुटे अणू क्रिप्टॉनला भेटले आणि दोन बंध जुळले. पण ते साध्या खोलीच्या तापमानाला ठेवलंस तर तासातासाला थोडं थोडं मोडत जातं, क्रिप्टॉन वेगळा आणि फ्लोरिन वेगळा. कोरड्या बर्फात, उणे ७८ अंशांना ठेवलंस तर टिकतं.